एकतीस नंबरचा हात

या, अशा पुढे येऊन बसा. मागे एसीच्या आवाजात बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि अर्धं तुमचं तुम्ही जुळवाल, आणि या गोष्टीत पदरचं घातलेलं मला चालायचं नाही. एका हाताची गोष्ट सांगते. तो हात मी कधी हातात घेतला नाही, त्या बाईशी कधी एक शब्द बोलले नाही, तरी हजार हातांतून मी तो ओळखला असता. ओळखला, तिथेच चुकलं. पण ते क्रमाने येईल.

मी कौमुदी, मूळची सिन्नरची. रियाधला येऊन अकरा वर्षं झाली. नवरा, सत्यजित, इथल्या एका हॉस्पिटलातली मशिनं सांभाळतो. मी अल सुलैमधल्या एका गोदामात खाण्याच्या मालाचे नमुने तपासते. आजूबाजूला टायर, सिमेंट, मोडीत निघालेल्या क्रेन, आणि आमच्या दारातून आत पाऊल टाकलं की हुफूफच्या खजुराचा वास. जाता-येता गाडीत कीर्तन लावते. जाताना ट्रॅफिकमध्ये पूर्वरंग होतो, येताना उत्तररंग. लहानपणी आमच्याकडे गोपीनाथबुवा यायचे. ऐन कथेत टाळ थांबवून विचारायचे, "राजाचं लग्न झालं, पंगत उठली. भाकऱ्या कोणी थापल्या? तिचं नाव सांगा." कोणालाच सांगता यायचं नाही. मग बुवा म्हणायचे, "मलाही ठाऊक नाही. पण ती होती, एवढं मनात ठेवा," आणि पुन्हा टाळ सुरू. ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

आमच्या गोदामात एक कपाट पॅलेस्टाइनच्या मालाचं आहे. बैत दाल्या नावाचं डोंगरावरचं गाव, तिथल्या बायकांची सहकारी संस्था. ऑलिव्हचं तेल येतं, झातर, म्हणजे तीळ घातलेला रानओव्यासारख्या पाल्याचा मसाला येतो, आणि मफतूल येतं. मफतूल म्हणजे काय, तर उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा मोठ्या परातीत घ्यायचा, पाणी शिंपडायचं, वरून पीठ भुरभुरायचं आणि तळहात गोल फिरवत राहायचं. फिरवता फिरवता दाणा धरतो. मग वाफवून गच्चीवर चादरींवर वाळवायचा. गहू त्यांच्याच डोंगरउतारावरचा, पायऱ्या पायऱ्यांच्या शेतातला, पावसाच्या पाण्यावरचा, खत-औषध न मारलेला. आमचा मालक अबू यझन, म्हणजे बस्साम, त्याच्या आजोबांचं गाव बैत दाल्याच्या समोरच्या डोंगरावर. स्वतः जन्मला रियाधमध्ये, ते गाव त्याने पाहिलेलं नाही. पण हा माल तो नफ्यासाठी आणत नाही, हे गोदामात झाडू मारणाऱ्यालाही माहीत होतं.

मी पहिल्यांदा मफतूलची पिशवी फोडून परातीत ओतली तेव्हा हसूच आलं. हे तर आमचे गव्हले. जरा मोठे, जरा खरबरीत, पण गव्हलेच.

आणि गव्हले म्हटलं की मला मावशी दिसते. मावशीसारखे गव्हले आमच्या अख्ख्या गल्लीत कोणाचे नव्हते. तांदळाच्या कणीएवढे, सगळे एका मापाचे. पण लग्नकार्यात गव्हल्यांचा मुहूर्त सुवासिनींनी करायचा. काका गेले आणि मावशीचा हात मुहूर्ताला चालेनासा झाला. मग काय व्हायचं, तर मावशी मागच्या खोलीत बसून गव्हले वळायची आणि तिची जाऊ ते ताटात घेऊन स्वतःचे म्हणून मांडवात न्यायची. मी दहा वर्षांची असेन. ताट पाहून भर मांडवात म्हणाले, "हे तर मावशीचे." जावेने मला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला.

म्हणून बैत दाल्याशी करार करायची वेळ आली तेव्हा मी बस्सामला म्हटलं, "प्रत्येक पिशवीवर बाईचा नंबर पाहिजे. जिचा हात तिचं नाव. मोबदलाही थेट तिलाच. मधे दलाल नको, गावचा पुढारी नको, जाऊ नको."

"जाऊ?" बस्सामने विचारलं.

"ते जाऊ द्या. नियम मी लिहिते."

नियमपत्रक मी लिहिलं. एकेचाळीस बायका, एकेचाळीस नंबर. नंबर कोणाला देता-घेता येणार नाही. एखादी सोडून गेली तर नंबर बंद आणि संस्थेच्या मालात तेवढी घट. नवीन बाई घ्यायची तर प्रमाणपत्र देणाऱ्या परदेशी संस्थेचा तपासनीस गावात येऊन तिचं काम बघेल, मगच. प्रमाणपत्रवाल्यांना पत्रक इतकं आवडलं की त्यांनी ते जसंच्या तसं त्यांच्या अटींना जोडलं. सत्यजितने त्या दिवशी बाहेरून जेवण आणलं. मी मावशीचं ऋण फेडलं असं मला वाटत होतं.

दर खेपेला माल आला की मी प्रत्येक नंबरच्या पिशवीतलं मूठभर चाळणीवर घ्यायची. दोन-चार खेपांत मला हात ओळखू यायला लागले. सात नंबरची घाई. बारा नंबरचा दाणा पिठाळ. आणि एकतीस. एकतीसचा दाणा किंचित लांबट, एका अंगाला चपटा, आणि शेरभर घेतला तरी सगळे सारखे. उजवा अंगठा ताठ नसावा, तळहाताखाली मुडपत असावा, असा माझा अंदाज. यादीत नाव होतं रस्मिया.

आमचे स्टोअरकीपर हुसेनमियाँ हैदराबादचे. मी एकतीसची पिशवी उघडली की लांबूनच म्हणायचे, "आ गई मॅडम आपकी सहेली."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बस्सामने नवीन पिशवी छापायची ठरवली. एका बाईचा फोटो टाकायचा, खाली नाव.

"कोण घेऊ या, उम्म रिगवेद?" उम्म म्हणजे आई, आणि माझ्या मुलाचं नाव ऋग्वेद. पण अरबी जिभेला ते असंच झेपतं.

"एकतीस," मी क्षणात म्हटलं. "रस्मिया. तिच्यासारखं कोणीच करत नाही."

संस्थेचं काम पाहणाऱ्या इन्तिसारबाईंकडे त्याने फोटो मागितला. त्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी चांगलं. एरवी तासाभरात उत्तर देणाऱ्या, फोटोला मात्र बारा दिवस लावले. आला तो फोटो साठीच्या बाईचा. डोक्यावर पांढरं कापड, मांडीत परात, उजवा अंगठा आत मुडपलेला. मी बस्सामच्या टेबलावर थाप मारली. "बघा. सांगितलं नव्हतं?"

तो फोटो त्याने घरी आईला दाखवला. ऐंशीची म्हातारी, त्या डोंगरांतली प्रत्येक सोयरीक तिला पाठ. दुसऱ्या दिवशी बस्साम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"आई म्हणते, ही बाई वारली."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. छातीत दुखायला लागलं. दवाखान्याचा रस्ता त्या दिवशी बंद होता, डोंगराला वळसा घालून नेत होते. गाडीतच गेली. आईने दुखवट्याचा फोनही केला होता."

माझ्यासमोर चाळणीवर एकतीसची पिशवी होती. मागच्या आठवड्यात आलेली.

"दुसरी रस्मिया असेल," मी म्हटलं.

"अंगठ्यासकट?" बस्साम म्हणाला आणि निघून गेला.

आम्ही प्रत्येक खेपेचा नमुना काचेच्या बाटलीत तीन वर्षं ठेवतो. दुपारच्या नमाजाला गोदाम रिकामं झालं तेव्हा मी एकतीसच्या सगळ्या बाटल्या काढल्या. काळ्या कागदावर ओळीने दाणे मांडले. डावीकडे तिच्या जिवंतपणीचे, उजवीकडे ती गेल्यानंतरचे. भिंग लावलं. बाहेर पन्नास डिग्री ऊन, पत्र्याचा तडतड आवाज, बाकी चिटपाखरू नाही.

सगळे दाणे सारखे होते. लांबट, एका अंगाला चपटे. मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या झाकून पुन्हा मांडले. कुठे जिवंत बाई संपते आणि कुठे मेलेली सुरू होते, मला सांगता येईना.

हुसेनमियाँ नमाज आटपून आले, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "क्या हुआ मॅडम? एकीच हात का तो है सब."

"हुसेनमियाँ, ही बाई दीड वर्षापूर्वी वारली."

ते कागदापासून एक पाऊल मागे सरकले. मग हळूच म्हणाले, "तो फिर ये दाने वापस बाटली में डाल दो. ऐसा खुल्ला नको रखो."

आता तुम्ही म्हणाल, कौमुदी भ्याली. भ्यालेच. भूत म्हणून नाही. आपल्याकडे भुतं वडा-पिंपळाला असतात, पत्र्याच्या गोदामाशी त्यांचं काय काम. पण त्या दिवसापासून वजनकाट्यापलीकडच्या स्टुलावर कोणीतरी बसलंय असं वाटायचं. मान वर केली की स्टूल रिकामं. चाळणी हलवायला लागले की तिच्या आवाजाखाली दुसरा आवाज, तळहात परातीत फिरल्यासारखा. चाळणी थांबवली की तोही थांबायचा. गाडीत कीर्तन लावावं तर बुवा कथा सांगत पुढे आणि मी मागे अंगठ्यापाशीच. घरी कणीक मळत होते. सत्यजित म्हणाला, "अंगठा दुखतोय का गं?" बघते तर माझा उजवा अंगठा तळहाताखाली मुडपलेला.

"तू त्या बाईला आणलंयस घरी," तो म्हणाला. थट्टेत म्हणाला, पण मग स्वतःच उठून स्वयंपाकघरातला दुसरा दिवा लावला. दिवसाउजेडी.

ऑक्टोबरात वार्षिक तपासणी आली. तपासनीस दोन वर्षं गावात पोचलाच नव्हता. रस्ते कधी उघडे, कधी बंद, त्याच्या कंपनीचा विमा त्या भागाला लागू नाही. म्हणून तपासणी व्हिडिओवर, आणि ती करून सही द्यायची मी. माझी सही झाली की हंगामाचा माल पक्का. माल पक्का झाला की संस्था गावातला गहू घेते. त्या भरवशावर लोक पायऱ्या नांगरतात. आणि पायरी पडीक राहिली तर कब्जेदार सरकार ती ताब्यात घेऊ शकतं, पुढे ती आपली म्हणून सांगणं कठीण जातं, ही तिथली रोजची धास्ती. बस्सामने मला हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला.

"तू हजेरी घे, सही कर, यल्ला, चल. बाकी मला बोलू दे."

"आणि एकतीस?"

"एकतीसला हजर म्हणतील."

सकाळचे दहा. पडद्यावर एक लांबट खोली, भिंतीला टेकून बसलेल्या बायका, प्रत्येकीपुढे परात. इन्तिसारबाई फोन धरून एका टोकाला उभ्या. बस्साम माझ्याशेजारी, अरबी कमी पडलं तर सांगायला. मी यादी वाचायला लागले. नंबर, मग नाव. प्रत्येक बाई हात वर करून म्हणायची, "मौजूदा." आहे.

नऊ नंबरला एका घोगऱ्या आवाजाने उत्तर दिलं. जाडजूड बाई, गालावर तीळ. पुढे सतरा नंबरला हात कोणाचाच वर गेला नाही. मागच्या बाजूने आवाज आला, "मौजूदा." तोच घोगरा.

मी बस्सामकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

बावीस. पुन्हा हात नाही, नुसता आवाज, या वेळी बारीक, आधी पाच नंबरला आला होता तो. सव्वीस. एकोणतीस. मी थांबायला हवं होतं. पण हजेरी मधेच कशी थांबवणार? मी नाव घ्यायची, आणि ज्या बाईचं नाव ती खोलीत नाही हे मला कळायचं, आणि खोलीतल्या बायकांना मला कळलंय हे कळायचं, तरी कोणीतरी तिच्या वतीने म्हणायचंच, आहे. एक-दोघींनी डोळे मिटून घेतले होते. मी दुरून, खुर्चीत बसून, त्यांच्या घरची मेलेली माणसं एकेक करून हाका मारून उठवत होते.

"एकतीस. रस्मिया."

या वेळी चार-पाच आवाज एकदम आले. "मौजूदा."

"एकतीस नंबरला पुढे यायला सांगा," मी म्हटलं.

बस्साम मराठीत बोलला असता तर 'बास कर' म्हणाला असता. अरबीत म्हणाला, "खलास, कौमुदी." पहिल्यांदाच नावाने.

इन्तिसारबाईंनी फोन फिरवला. भिंतीकडेला तिशीतली एक बारीक बाई बसली होती, मान खाली. हात परातीत फिरत होते. उजवा अंगठा मुडपलेला.

"नाव विचारा."

ती मान खाली ठेवूनच म्हणाली, "नजाह. रस्मियाच्या मुलाची बायको."

खोलीतल्या सगळ्या पराती थांबल्या. नजाहची चालू होती.

इन्तिसारबाई फोन स्वतःकडे वळवून बोलायला लागल्या. शाळेतल्या बाई बोलतात तशा, एकेक शब्द सुटा. "सात जणी गेल्या, मॅडम. कोणी आजाराने, कोणी म्हातारपणाने, दोघींचं मी फोनवर सांगणार नाही. तुमच्या पत्रकाप्रमाणे सातही जणींचे नंबर बंद. सात जणींचा गहू बंद. नवीन बाई घ्यायला तपासनीस पाहिजे. तपासनीस येत नाही. मग आम्ही काय करायचं होतं? नियम तुम्ही लिहिला होता. मी सहीखालचं नाव वाचलं आहे."

"मला कळवायचं," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं, किती हलका होता तो आवाज.

"कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी नियमच दाखवला असता. त्याही वेळी मला ते ठाऊक होतं.

तेव्हा नजाहने पहिल्यांदा मान वर केली. तिचे शब्द बस्सामने मला सांगितले, आणि सांगताना तो दोनदा अडखळला. ती म्हणाली, "सासू गेल्यावर मी तिच्या जागेवर बसले. माझा दाणा गोल यायचा. मला आईने शिकवला तसा. पहिली पिशवी पाठवली तर तुम्ही परत पाठवलीत. वर चिठ्ठी होती."

चिठ्ठी मला आठवली. आठवली म्हणजे काय, अक्षर न् अक्षर डोळ्यांसमोर आलं. मीच टाइप केलेली. 'हा एकतीस नंबरचा हात नाही. कृपया तपासावे.' ती लिहून मी हुसेनमियाँना दाखवली होती, आणि त्यांनी म्हटलं होतं, क्या नजर है मॅडम. मला वाटलं होतं, तिकडे कोणीतरी रस्मियाचं नाव वापरून भलताच माल सरकवतंय. मी तिची राखण करत होते. आणि ती तेव्हा जाऊन महिना झाला होता.

"मग मी अंगठा मुडपला," नजाह म्हणाली. "तिचा लहानपणी मोडलेला होता, नीट बसला नव्हता. माझा धड आहे. पहिले काही महिने फडक्याने बांधून ठेवायचे. आता बांधावा लागत नाही." तिने हात परातीतून काढून फोनसमोर धरला. अंगठा सरळ करायला गेली. अर्ध्यावर थांबला. "परातीत हात घातला की तो तिचाच होतो. नवरा माझ्या हाताकडे बघत नाही. त्याला आईचा दिसतो."

बस्साम उठून खिडकीपाशी गेला.

मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय? मी काय लिहू?"

तिकडे कुजबुज झाली. घोगऱ्या आवाजाची बाई काहीतरी ताडकन बोलली आणि दोघी-तिघी हसल्या. इन्तिसारबाईंनी सांगितलं, "ती म्हणते, आम्ही खोटं बोललो असं खुशाल लिहा. माल वाईट केला असं लिहिलंत तर बघा."

नजाह हसली नव्हती. "माझं नाव लिहा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी काम करते आणि कुठल्याही कागदावर मी नाही. पण तिचं खोडू नका."

कॉल संपल्यावर बस्सामने दार लावून घेतलं.

"हंगाम जाऊ दे, मग लिही. एप्रिलमध्ये लिही. आता लिहिलंस तर प्रमाणपत्र अडकेल, माल अडकेल, आणि पेरणी पंधरा दिवसांवर आहे."

"एप्रिलमध्ये तुम्ही म्हणाल, पुढच्या हंगामानंतर."

"म्हणेन. का नाही म्हणणार? माझ्या आजोबांची पायरी कोणी नांगरली नाही म्हणून आज मी इथे खजूर मोजतोय."

"आणि ती तोवर मेलेल्या बाईच्या नावाने अंगठा मुडपून बसेल?"

"ती आणखी सहा महिने बसू शकते. पायरी थांबू शकत नाही." मग म्हणाला, "तूच ठरव, उम्म रिगवेद. नियम तुझा आहे."

दोघांनी एकाच दिवशी तेच ऐकवलं. त्यात कोणी चुकीचं नव्हतं.

दोन दिवस मी लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्टुलाकडे बघायचं नाही असं ठरवून बसले आणि अहवाल लिहिला. सात नावं, त्या गेल्याची साधारण तारीख, त्यांच्या जागी बसलेल्यांची सात नावं. नियम मी केला, तो गावात पोचता येईल असं धरून केला, तो चुकीचा आहे, हेही लिहिलं. परत पाठवलेल्या पिशवीचं लिहिलं. माल उत्तम आहे हे ठळक अक्षरांत लिहिलं, घोगऱ्या बाईसाठी. नवीन नियम सुचवला: जागा गेलेल्या बाईच्या घरात किंवा तिने शिकवलेल्या बाईकडे राहावी, नोंदणी गावातल्या इतर बायकांच्या साक्षीने व्हावी, तपासनीस येईल तेव्हा येईल. आणि जुनं नाव खोडू नये, त्याखाली नवीन लिहावं. अहवालाच्या तक्त्यात एका नंबरला एकच रकाना होता. मी ओळ वाढवून घेतली.

प्रमाणपत्रवाल्यांनी सगळं अडकवलं. पत्र आलं, मग दुसरं पत्र, मग मीटिंग. मला बैत दाल्याच्या कामातून बाजूला केलं. दोन महिने मी नुसते खजूर तपासत होते. बस्साम कामापुरतं बोलायचा. पण त्याने बैत दाल्याला स्वतःच्या शब्दावर कळवलं होतं की पेरा, मी घेईन. सगळ्यांनी त्यावर भरवसा ठेवला नाही. का ठेवावा? जानेवारीअखेर मंजुरी आली, नियम बदलला, सातही जणींची नावं लागली. तोवर पाऊस होऊन गेला होता. तीन पायऱ्या त्या वर्षी पेरल्या नाहीत. तीनच, असं मला इन्तिसारबाईंनी सांगितलं. 'तीनच' हा शब्द त्यांचा. मी तो वापरायची नाही.

मार्चमध्ये नवीन नोंदींचा पहिला माल आला. जॉर्डनच्या पुलावरून, नेहमीसारखा, आठवडाभर अडकून. हुसेनमियाँनी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. वर छापलं होतं: एकतीस. रस्मिया. त्याखाली नजाह.

मी इतके दिवस एकाच गोष्टीची वाट बघत होते, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. गोल दाण्याची. तिला आता कोणाचा हात व्हायची गरज नव्हती. नाव लागलं होतं. अंगठा सरळ करायला मोकळी होती.

पिशवी फोडली, चाळणीवर ओतली. दाणे लांबट होते. एका अंगाला चपटे. सगळे एका मापाचे.

पुढच्या खेपेला तसेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी इन्तिसारबाईंना फोन केला, आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, नजाह प्रयत्न करते. कधी कधी एकटी बसून करते. गोल येत नाही. आईने काय शिकवलं होतं ते हाताला आठवत नाही, असं म्हणते. आई दुसऱ्या गावात, रस्ता बंद असतो.

स्टूल आता रिकामंच असतं. चाळणीखाली कोणी परात फिरवत नाही. रस्मिया गेली असावी, तिचं नाव कागदावर आहे, पिशवीवर आहे, तिला मागायला काही उरलं नाही. मला जी दिसते ती दुसरीच. तिने पहिल्यांदा सासूच्या जागेवर बसून गोल दाण्याची पिशवी शिवली असेल, आईला मनात म्हटलं असेल, बघ, जमलं. ती पिशवी मी परत पाठवली. तिचा नमुनासुद्धा बाटलीत ठेवला नाही, नापास मालाचा आम्ही ठेवत नाही. त्यातला एक दाणाही माझ्याकडे नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बसवून घेतलं. रस्मियासाठी माझं मागणं नाही. तिला आठवणारे तिच्या गावात पुष्कळ आहेत. तुम्ही नजाहला आठवा. ती जिवंत आहे, बैत दाल्यात भिंतीकडेला बसते, दोन्ही अंगठे तिचे धड आहेत. गोल दाणा तिला यायचा. मी तो ओळखला नाही. तुम्ही तिला तशी आठवा.